सीनियर लिव्हिंगमध्ये अकाउंट्सची प्लेसमेंट: सोलापूरच्या कॉमर्सवाल्यांनी काय बघायचं, काय शिकायचं

सोलापुरात बीकॉमच्या पोरापोरींना ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग) किंवा इंटर्नशिप म्हणलं की दोनच जागा आठवतात, एक सीएचं ऑफिस आणि दुसरं ओळखीतल्या कुणाचं तरी चादर-टॉवेलचं नाहीतर युनिफॉर्मचं युनिट. दोन्ही चांगलंच आहे, तिथंही शिकायला मिळतं. पण वयस्कर माणसांना राहणं, जेवण, नर्सिंग, फिजिओ असं सगळं एकाच ठिकाणी देणाऱ्या सीनियर लिव्हिंग कंपनीत किंवा केअर होममध्ये संधी आली तर "वृद्धाश्रमात कसलं अकाउंट्स असणार" असं म्हणून सोडू नका. मी अशाच ठिकाणी अकाउंट्स बघते, आणि मला मनापासून वाटतं की एका छोट्या ऑफिसात इतके वेगवेगळे व्यवहार दुसरीकडं क्वचित बघायला मिळतात: डिपॉझिट आहे, महिन्याचं बिलिंग आहे, किचनचा स्टॉक आहे, नर्स-आयांचा पगार आहे, औषधांची वसुली आहे, आणि या सगळ्यात रोज एकच प्रश्न पडतो की हा पैसा नक्की कुणाचा. तो प्रश्न पक्का डोक्यात घेऊन गेलात तर निम्मं काम पहिल्याच आठवड्यात कळायला लागतंय.

आधी कागदपत्रं, कारण शेवटी मार्क त्यावरच मिळतात. विद्यापीठ आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, पण कॉलेज संगमेश्वर असू दे, हिराचंद नेमचंद असू दे नाहीतर वेलणकर, प्रत्येक डिपार्टमेंट स्वतःचा फॉरमॅट काढतं. त्यामुळं सीनियरचा जुना रिपोर्ट कॉपी करत बसण्यापेक्षा सरळ कोऑर्डिनेटर सरांकडं किंवा मॅडमकडं जा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: किती क्रेडिट, किती तास, आणि हजेरी कुणाच्या सहीनं चालते. यूजीसीच्या हिशोबानं इंटर्नशिपच्या १ क्रेडिटला ३० तास लागतात, म्हणजे ४ क्रेडिट असतील तर १२० तास झाले, रोज चार तास धरले तर महिनाभर तरी जाणारच. कॉलेजचं पत्र घेतल्याशिवाय जॉइन होऊ नका. कंपनीकडून ईमेलवर का होईना पण ऑफर लेटर घ्या, त्यात तारखा, वेळ, कुणाच्या हाताखाली काम, स्टायपेंड आहे का नाही हे स्पष्ट पाहिजे. स्टायपेंडबद्दल विचारायला लाजू नका, अदबीनं विचारलं तर कुणी रागवत नाही. नसेल देत तर निदान जाण्यायेण्याचा खर्च मिळतोय का बघा, कारण अशा जागा शांततेसाठी गावाबाहेर असतात आणि रोजचा रिक्षाचा नाहीतर पेट्रोलचा खर्च महिन्याला चांगलाच होतो.

पहिल्या दिवशी टॅलीवर, म्हणजे अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरवर, तुटून पडायचं नाही. पहिल्या दिवशी एकच विचारायचं: "मॅडम, आपली संस्था कायद्यानं काय आहे?" प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), सेक्शन ८ कंपनी (नफा वाटून न घेणारी) का पब्लिक ट्रस्ट, याच्यावर पुढचं सगळं ठरतं. कंपनी असेल तर बॅलन्स शीट कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल ३ प्रमाणं होणार. महाराष्ट्रातला पब्लिक ट्रस्ट असेल तर तो धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला असतो, तिथं ट्रस्टच्या नियमांतल्या शेड्यूल ८ मध्ये ताळेबंद आणि ९ मध्ये उत्पन्न-खर्च. बाहेरून दोन्हीकडं तेच आजी-आजोबा, तेच जेवण, तीच बाग दिसते, पण वह्या वेगळ्या.

जीएसटीचंही तसंच. इथं पोरं हमखास चुकीचं ऐकून येतात की वृद्धाश्रमाला जीएसटी नसतो. खरी गोष्ट अशी आहे की सरकारी संस्था किंवा आयकराची धर्मादाय नोंदणी असलेली संस्था (जुन्या कायद्यातलं १२एए, नंतर १२एबी) वृद्धाश्रम चालवत असेल, राहणाऱ्याचं वय ६० किंवा त्याच्यावर असेल, आणि महिन्याची रक्कम एका माणसामागं २५,००० पर्यंत असेल, तर राहण्या-जेवण्याच्या सेवेवर माफी आहे, ही सवलत जुलै २०१८ मध्ये आली. नफ्यासाठी चालणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला ती सवलत लागू नाही. आणि उपचाराची सेवा वेगळी, राहण्याची सेवा वेगळी, दोन्ही एकत्र दिल्या तर मुख्य सेवा कुठली हा प्रश्न वेगळाच. म्हणून रेट कधी मनानं लावायचा नाही. कंपनीच्या सीएनं ठरवून आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या सेवांच्या यादीत) टाकलेला असतो तोच वापरायचा, पण तो तसा का ठरवला हे मात्र विचारायचं, रिपोर्टमध्ये लिहायला त्याच्यापेक्षा चांगला मुद्दा मिळणार नाही.

आता मूळ मुद्दा, पैसा कुणाचा.

सीनियर लिव्हिंगमध्ये बँकेत जमा होणारा प्रत्येक रुपया कंपनीचं उत्पन्न नसतो, आणि नवीन मुलं नेमकं इथंच गडबडतात, कारण कॉलेजात आपण पैसे आले की सेल्स किंवा फी लिहायला शिकलेलो असतो. इथं येणाऱ्या पैशाचे साधारण चार प्रकार पडतात. परत द्यायचं डिपॉझिट, ते कंपनीचं देणं. आगाऊ आलेली फी, ती सेवा देईपर्यंत देणंच. आजोबांच्या किरकोळ खर्चासाठी मुलानं ठेवलेले पैसे, म्हणजे औषध, केस कापणं, रिक्षा, पेपर यासाठी, ते तर कंपनीचे नाहीतच, आपण फक्त सांभाळणारे. आणि चौथं म्हणजे खरं उत्पन्न, त्या महिन्यात दिलेल्या राहण्या-जेवणाचं आणि सेवेचं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा एक आजोबा १२ जूनला राहायला आले. डिपॉझिट ३,००,००० आणि महिन्याचे २७,०००. जून ३० दिवसांचा, म्हणजे दिवसाला ९०० पडले. १२ ते ३० दोन्ही दिवस धरून १९ दिवस होतात (इथं पोरं १८ करतात, बोटावर मोजा आणि ॲग्रीमेंटमध्ये येण्याचा दिवस धरतात का ते वाचा), म्हणजे १७,१००. फिजिओच्या ६ सिटिंग, ४०० प्रमाणं २,४००. आणि औषधं १,८६० ची आणली, ती आजोबांच्याच नावाच्या बिलावर, कंपनीनं फक्त पैसे भरले. मुलानं त्या महिन्यासाठी २५,००० आधीच पाठवले होते.

डिपॉझिटची एंट्री: बँक डेबिट ३,००,०००, रेसिडेंट सिक्युरिटी डिपॉझिट क्रेडिट. हे खातं लायबिलिटीत बसणार, उत्पन्नाच्या आसपास पण फिरकणार नाही. जीएसटीतसुद्धा परत द्यायचं डिपॉझिट हे सेवेचा मोबदला धरत नाहीत, जोपर्यंत त्यातून थकलेलं बिल वळतं करून घेत नाही तोपर्यंत. महिन्याच्या बिलाला आजोबांचं लेजर डेबिट २१,३६०, समोर राहणं-जेवण उत्पन्न १७,१००, फिजिओ २,४००, आणि औषध वसुली १,८६० (ही उत्पन्न नाही, कुठल्या खात्याला जाते ते खाली बघा). जीएसटी लागू असेल तर तो वेगळा वर लागेल, इथं सोडून दिलाय. २५,००० मधून २१,३६० गेले, ३,६४० शिल्लक, ती पुढच्या महिन्यात ओढायची, आणि ताळेबंदात ते आजोबांचे आगाऊ जमा पैसे म्हणून दिसले पाहिजेत.

आता औषधाची १,८६० ची दुसरी बाजू बघा. मेडिकलमध्ये पैसे दिले तेव्हा "रेसिडेंटच्या वतीनं खर्च" हे खातं डेबिट, कॅश क्रेडिट. बिलात वसुली लावली की तेच खातं क्रेडिट. म्हणजे महिनाअखेरीला ते खातं शून्य झालं पाहिजे, आणि नाही झालं तर एकतर कुणाचं औषध बिलात लावायचं राहिलंय, नाहीतर दोनदा लागलंय. हे खातं तुम्ही दर महिन्याला शून्यावर आणून दाखवलं तर तुमच्या मॅडम तुम्हाला इंटर्न म्हणून नाही तर ऑफिसातला माणूस म्हणून बघायला लागतील. जीएसटीत याला प्युअर एजंट म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं, त्याच्या परवानगीनं, जेवढे दिले तेवढेच घेतले, वर एक रुपया नाही. एक रुपया जरी जास्त लावला तर ते तसं राहत नाही.

फिजिओचंही विचारून घ्या. फिजिओथेरपिस्ट पगारावर असेल तर २,४०० पूर्ण आपलं उत्पन्न. तो बाहेरून येत असेल आणि कंपनी फक्त गोळा करून देत असेल तर आपलं उत्पन्न तेवढं कमिशनच. घरच्यांनी स्वतः ठेवलेली आया असेल आणि तिचा पगार ऑफिसमार्फत जात असेल तर तोही आपला खर्च नाही. मी परत परत तेच विचारायला लावतेय, पण खरंच प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारल्याशिवाय इथं पुढं जाता येत नाही.

काही कंपन्या परत न मिळणारी एंट्री फी घेतात. ती आली त्याच दिवशी सगळी उत्पन्नात टाकायचा मोह सगळ्यांना होतो, मॅनेजमेंटला तर जास्तच, कारण महिना छान दिसतो. पण सेवा पुढं देणार असू तर ती त्या काळावर वाटून घ्यायची. १,२०,००० आले आणि ॲग्रीमेंट दोन वर्षांचं असेल तर महिन्याला ५,०००. मुदत ठरलेली नसेल तर कंपनीची पॉलिसी काय ते नोट्स टू अकाउंट्समध्ये (ताळेबंदाला जोडलेल्या टिपांत) सापडतं, तिथं वाचा. अशा नोट्स कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

रेसिडेंट ॲग्रीमेंट हा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद. टॅलीच्या आधी तो. त्यात बघायचं की आजी आठवडाभर सिव्हिलमध्ये किंवा दुसऱ्या हॉस्पिटलात ॲडमिट राहिल्या तर बिल कमी होतं का, फक्त जेवणाचे पैसे वजा होतात का पूर्ण लागतं, सोडून जाताना किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि कुणाला परत.

हे शेवटचं जरा थांबून सांगते. अशा ठिकाणी माणसं जातात, हे मनात धरूनच जॉइन व्हा. गेल्यावर फायनल सेटलमेंट करावी लागते: त्या तारखेपर्यंतचं बिल, न वापरलेली औषधं मेडिकलवाला परत घेत असेल तर त्याची क्रेडिट नोट, किरकोळ खर्चाच्या पैशातली शिल्लक, आणि डिपॉझिट. पैसे फोनवर "मी मोठा मुलगा बोलतोय" म्हणणाऱ्याला द्यायचे नसतात, ॲग्रीमेंटमध्ये ज्याचं नाव आहे त्याला किंवा कागदपत्रं बघून वारसाला, आणि बँकेतूनच. त्या घरी तुम्ही फोन करू नका, तो मॅनेजरनं करायचा असतो. तुमचं काम एवढंच की हिशोबाचा कागद तयार, बरोबर, एका पानात, आणि त्यात "ड्यू अमाउंट" असं लाल शाईत ठळक काही नको. दहा दिवसांनी सही घ्यायला मुलगा ऑफिसात आला तर उठून उभं राहा, पाणी द्या, कागद शांतपणे समजावून सांगा. त्यांनी दोनदा विचारलं तर दोनदा सांगा.

पेटी कॅशकडं येऊ, कारण पहिल्या आठवड्यात तेच हातात देतात. इंप्रेस्ट पद्धत असते, म्हणजे समजा १०,००० ची पेटी, खर्च ७,४२० झाला की तेवढेच परत भरून पेटी पुन्हा १०,००० वर. कुठल्याही क्षणी रोख अधिक व्हाउचर मिळून १०,००० आलेच पाहिजेत. सोलापूरची एक खास अडचण सांगते, मेडिकलची आणि पेट्रोल पंपाची बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावर येतात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीजवळच्या फाइलमध्ये ती बिलं महिन्या-दोन महिन्यांत पांढरी पडतात, ऑडिटर हातात कोरा कागद घेऊन विचारतो हे काय. म्हणून आलं त्या दिवशी झेरॉक्स काढा किंवा स्कॅन करा, व्हाउचरच्या मागं चिकटवा, आणि बिलाची रक्कम, तारीख, दुकानाचं नाव पेनानं व्हाउचरवर लिहा.

भाजी मार्केट यार्डातून येते, तिथं पक्कं बिल प्रत्येक वेळी मिळत नाही, मग इंटर्नल व्हाउचरवर आणणाऱ्याची सही, किचन इन्चार्जची सही आणि वजन. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात नाकारला जातो, हे किचनवाल्या मामांना माहीत नसतं, तुम्ही नीट सांगा. डिपॉझिट तर रोखीत घेऊच नये. २०,००० किंवा त्याहून जास्त ठेव रोख घ्यायला कायद्यात मनाई आहे, आणि एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणंही चालत नाही. गावाकडून येणारी माणसं जमीन विकलेले पैसे पिशवीत घेऊन येतात, त्यांना मॅडम काय सांगतात, कशा समजावतात ते ऐका. शिकण्यासारखं असतं.

पाण्याचं बिल हा आपल्या गावचा स्वतंत्र विषय आहे. उजनी धरण असूनही नळाला पाणी रोज नाही, त्यामुळं टँकर लागतोच, आणि वयस्कर माणसं असलेल्या जागी पाणी कमी पडून चालत नाही. टँकरवाला महिनाअखेरीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून टाकतो. त्या चिठ्ठ्या मोजून एंट्री मारली म्हणजे काम झालं असं नाही, गेटवरच्या सिक्युरिटीचं रजिस्टर मागा, गाडी नंबर आणि तारीख जुळवा. चिठ्ठी आहे पण गेटवर नोंद नाही, अशी एखादी निघाली तर आरडाओरडा न करता बाजूला काढून मॅडमना दाखवा. यालाच तीन बाजूंनी पडताळणी म्हणतात, पुस्तकात परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल असं असतं, इथं चिठ्ठी, गेट रजिस्टर आणि बिल.

स्टॉकमध्ये किचन आणि डायपर ही दोन रजिस्टरं बघा. मोठ्यांचे डायपर महाग असतात, पॅकेटनं येतात आणि नगानं दिले जातात. म्हणजे रजिस्टरमध्ये १० पॅकेट लिहिलंय का १०० नग हे आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीचा स्टॉक कधीच जुळणार नाही. नाइट शिफ्टला घाईत दिलेले नोंदवायचे राहतात. नर्सताईंना दोष देत बसू नका, त्यांना त्या वेळी आजींची काळजी जास्त असते, सकाळी आठला शिफ्ट बदलताना दोन मिनिटं जाऊन विचारून नोंद पूर्ण करून घ्या.

चादरी, टॉवेल तर आपल्याच गावचे, आणि इथं एक मुद्दा लई कामाचा. पुरवठादार उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला मायक्रो किंवा स्मॉल उत्पादक असेल, अक्कलकोट रोड एमआयडीसीत असे बरेच आहेत, तर त्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत उलटून ३१ मार्चला पैसे बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये क्रेडिटर्सची यादी काढताना उत्पादक कोण, नुसता व्यापारी कोण, आणि उद्यम सर्टिफिकेट कुणाचं आहे असे कॉलम करा. हे काम मागून घ्या, सांगेपर्यंत थांबू नका.

बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या वह्या जुळवणं, इथं जरा वेगळं असतं. पैसे पाठवणारा आणि राहणारा वेगळा असतो. आजी तेलुगू बोलणाऱ्या, सोलापूरच्या पूर्वभागातल्या, पैसे पाठवतो हैदराबादचा जावई, यूपीआयच्या नॅरेशनमध्ये तिसरंच नाव, आणि एकाच दिवशी तीन जणांचे २५,००० आलेले. अंदाजानं कुणाच्याही लेजरला टाकायचं नाही. तोपर्यंत सस्पेन्समध्ये, म्हणजे तात्पुरत्या खात्यात ठेवा, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) घेऊन कन्फर्म करा, मग टाका. एक एक्सेल शीट करून ठेवा: रूम नंबर, रेसिडेंट, पैसे कोण पाठवतं, कुठल्या बँकेतून, साधारण कुठल्या तारखेला. तुम्ही गेल्यावरसुद्धा ते शीट वापरलं जातं. परदेशातल्या मुलाकडून पैसे आले तर ते फी आहे का देणगी आहे हे वेगळं विचारा, ट्रस्ट असेल तर दोन्हीचे नियम पूर्ण वेगळे आहेत आणि देणगीची पावती फीवर फाडली तर मोठा घोळ होतो.

टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स हे तर येत असेलच. त्यापुढं कॉस्ट सेंटर, म्हणजे विभागवार खर्च वेगळा ठेवणं शिका, किचन, नर्सिंग, हाउसकीपिंग, गाडी असे. आणि लक्षात ठेवा की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे कुठली एंट्री कुणी कधी बदलली हे सगळं राहतं आणि बंद करता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या लॉगिननं काम करू नका, तुमच्यासाठी वेगळा युजर मागा. जुनी एंट्री चुकीची वाटली तर थेट बदलू नका, मॅडमना दाखवा, दुरुस्तीची जर्नल पास करायची का तीच बदलायची हे त्या ठरवतील.

महिन्याच्या तारखा पाठ करा. ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर), ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा), २० ला जीएसटीआर-३बी, महिनाअखेरीला प्रोफेशन टॅक्स. टीडीएसबद्दल एक सांगते, आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे नंबर बदलले, पगार सोडून बाकीचा टीडीएस कलम ३९३ खाली गेला, पण ऑफिसात बोलताना १९४सी (कंत्राटदार), १९४जे (व्यावसायिक फी) हे जुने नंबरच तोंडात बसलेले असतात. दोन्ही नंबर माहीत असू द्या. पगाराच्या शीटमध्ये प्रोफेशन टॅक्स बघताना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो लागत नाही हे विसरू नका, आणि इथं आया, नर्स, स्वयंपाकाच्या मावशी अशा बायकाच जास्त असतात. पुरुषांना १०,००० च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला, कामगाराकडून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के. कुणा मावशीनं "माझे एवढे का कापले" म्हणून स्लिप पुढं केली तर बसवून समजावून सांगा. त्यांचे पैसे आहेत, त्यांना कळलंच पाहिजे.

आता माणसांबद्दल. तुमचं टेबल ऑफिसात असलं तरी आजी-आजोबा येऊन बसतात. कुणी गिरणीत होते, कुणी शिक्षक, कुणी बँकेत कॅशियर, आणि रिटायर्ड कॅशियर काका तुमचं बिल तुमच्यापेक्षा फास्ट तपासतात. सगळ्यांना अहो-जाहो, काका, आजी, आजोबा, लेजरमधल्या नंबरनं हाक मारायची नाही. बिल समजावताना मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, फॉन्ट १६ करा. तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर बोला, आपल्या गावात निम्म्या पोरांना येतंच, त्यांना किती बरं वाटतं बघा. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्या महिन्यात तुम्ही असाल तर ऑफिस जी व्यवस्था करेल त्यात मदत करा, कारण दाखला राहिला की पेन्शन थांबते आणि पेन्शन थांबली की तुमचंच बिल थकतं.

पण एक गोष्ट कितीही माया लागली तरी करायची नाही. आजी मोबाइल पुढं करतात, "बाळा, जरा नातवाला पाच हजार पाठव की, पिन हा बघ." हात लावू नका. एटीएम कार्ड, पिन, ओटीपी, चेकवर रक्कम भरणं, यातलं काहीच नाही. प्रेमानं सांगायचं, "आजी, मी मॅडमना बोलावते, आपण तिघं मिळून करू." उद्या पैशात काही इकडंतिकडं झालं तर तुमच्यावर बालंट येईल, आणि त्या आजींनाही नंतर फोनवरच्या कुणालाही पिन सांगायची सवय लागेल. तसंच कुणाचं बिल किती थकलंय, कुणाचा मुलगा पैसे देत नाही, हे ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये. मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनचा फोटो तर अजिबात नाही.

रिपोर्टसाठी विषय मोठा घेऊ नका. "सीनियर लिव्हिंग उद्योगाचा अभ्यास" असला विषय घेतला की इंटरनेटवरचं भरताड होतं. त्यापेक्षा रेसिडेंट डिपॉझिटचं अकाउंटिंग, नाहीतर पेटी कॅशवरचं नियंत्रण, नाहीतर एका रेसिडेंटमागं रोजचा खर्च. हा शेवटचा मला सगळ्यात आवडतो. समजा ४० बेड, ३० दिवस, म्हणजे १,२०० बेड-दिवस उपलब्ध. त्यातले १,०२० भरलेले, म्हणजे ऑक्युपन्सी ८५ टक्के. किचनचा महिन्याचा खर्च १,५३,००० असेल तर भागिले १,०२०, दिवसाला १५० रुपये. हेच वीज, पाणी, नर्सिंगसाठी काढा, तीन महिन्यांचं शेजारी शेजारी लावा, मे महिन्यात वीज आणि टँकर किती वर गेले ते आपोआप दिसतं. मग कुठला खर्च बेड रिकामा असला तरी लागतोच आणि कुठला माणसामागं वाढतो हे लिहा, फिक्स्ड आणि व्हेरिएबल कॉस्टचा अख्खा धडा तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर उभा राहतो. कंपनीचे खरे आकडे छापायची लेखी परवानगी घ्या, नाहीतर टक्क्यांत मांडा. रेसिडेंटची नावं कुठंच नकोत, रेसिडेंट अ, ब, क.

लॉगबुक रोज लिहा, शनिवारी बसून आठवड्याचं आठवत बसू नका. "टॅलीत एंट्री केल्या" हे कुणालाच वाचायचं नसतं, "जूनची औषध वसुली तपासली, दोन बिलं लावायची राहिली होती, मॅडमना दाखवून लावली" असं लिहा.

शेवटच्या आठवड्यात सर्टिफिकेट लेटरहेडवर, शिक्का आणि तारखांसकट मागून घ्या. मॅनेजर रजेवर गेले की ते महिनाभर अडकतं, त्यात जानेवारीत गड्ड्याची यात्रा असेल तर माणसं जागेवर सापडणं अवघड. तुमचं टॅली लॉगिन बंद करायला सांगा. फाइली कुठं ठेवल्यात, सस्पेन्समध्ये काय काय उरलंय, कुणाचं कन्फर्मेशन यायचंय याचा एक कागद करून मॅडमच्या हातात द्या. आणि व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) तयारी करताना एक प्रश्न नक्की करून जा, कारण एक्झामिनर तुमच्या रिपोर्टवर सीनियर लिव्हिंग वाचलं की तोच विचारणार: डिपॉझिट उत्पन्न का नाही? पाठ केलेली व्याख्या सांगू नका, वरच्यासारखं एक उदाहरण आकड्यांसकट फळ्यावर मांडून दाखवा, डिपॉझिट आल्यापासून परत जाईपर्यंतच्या एंट्र्यांसकट.